तोंड आत केलेल्या वहाणा

७ मार्च, आवली

राभा,

सलाम. फोन तू घेत नाहीस, म्हणून हा कागद. फोन एका बोटाने तोडता येतो, कागद फाडायला निदान दोन हात तरी लागतात. आणि हो, अक्षर माझंच आहे. मशिदीतल्या बायकांच्या वर्गात जाते मी, या वयात! मास्तरीण म्हणते, "इत्तो, तुझा हात चांगला आहे, तेवढं तोंड आवर." हस हवं तर. तू हसलीस तरी मला कुठे दिसणार आहे म्हणा.

पत्र हद्दू टॅक्सीवाल्याकडे देतेय. मेक्नेसला तुझ्या दारात आणून देईल. त्याला चहा तरी विचार, माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नकोस.

इकडे सगळं ठीक. नदीला पाणी आहे, डोंगरावर अजून बर्फ आहे, सफरचंदांना कळ्या आल्यात. आणि तुला खरं वाटणार नाही, पण आपल्या या पडक्या आवलीला आता माणसं बघायला येतात. फ्रेंचांनी टाकून दिलेल्या खाणी, गंजलेले रूळ, नदीवरचा लटकलेला पूल, हे बघायला लोक समुद्र ओलांडून येतात गं! मोहा त्यांना फिरवतो. आधी खाणीचं जुनं गाव, मग मोठं भुयार, मग वर बकऱ्यांची गुहा. गुहेत वटवाघळं बघून बाया किंचाळतात आणि मग त्याचेच फोटो काढतात. माझा नवरा, जो माझ्याशी दिवसाकाठी चार शब्द बोलत नाही, तो त्यांच्यापुढे हातवारे करून पोपटासारखा बोलतो.

आता मुद्द्याचं. मोहा म्हणाला म्हणून लिहितेय, म्हणजे मलाही पटलं म्हणून लिहितेय. येणारे सगळे तुझ्या झायदच्या गुहेबद्दल विचारतात. कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलंय म्हणे, की आवलीच्या एका माणसाने हाताने खणलेलं खाणीचं बीळ डोंगराच्या पोटात एका पांढऱ्या गुहेत फुटलं, आणि तिथे दगडाला फुलं आलीत. लोकांना तेच हवं असतं. आणि मोहा त्यांना बिळाच्या तोंडाशी नेतो, त्या दोन वहाणा दाखवतो आणि परत आणतो.

रीत मला शिकवू नकोस, मला ठाऊक आहे. आत जाणाऱ्याने रबरी बूट चढवायचे, वहाणा बाहेर सोडायच्या, तोंड आत करून. त्या दिसल्या की समजायचं, बीळ भरलेलं आहे, दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही. परतला की त्याच घालून घरी. आणि नाही परतला, तर त्या उचलायच्या त्याच्या बायकोने, नाहीतर आईने. तिसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. झायदवर छत बसलं, पुरुषांनी हाताची सालं निघेपर्यंत उकरलं, तो हाती लागला नाही, मग तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "त्याच्या वहाणा तोच उचलेल," आणि पोराचं बोट धरून निघून गेलीस. सगळ्यांत चांगल्या बिळाला तू कुलूप लावून गेलीस, असं गाव म्हणालं. मीही म्हणाले. तेव्हापासून आपलं बोलणं बंद.

झालं ते झालं. त्याची आई तर गेली. आता तू एकटीच उरलीस. ये आणि वहाणा उचल, नाहीतर कुणाजवळ तुझा शब्द पाठव, मौलवींना विचारून काहीतरी मार्ग काढू. बाहेरचं छत आम्ही लाकडं लावून सावरू, मोहा म्हणतो.

आणि तुझ्या इदिरबद्दल हद्दूजवळ विचारलंस म्हणे. तो इकडे कशाला येईल? शहरात वाढलेलं पोर. मोबाइलच्या दुकानातल्या मित्राकडे असेल, रागावून गेला असेल तर येईल परत. जवान मुलगा आहे, त्याला किती बांधून ठेवशील.

बरं, थांबवते. तवा तापलाय, तिघांच्या भाकऱ्या व्हायच्यात.

तुझी मानलीस तर बहीण,
इत्तो

१९ मार्च

राभा,

वाटलंच होतं. त्या 'तिघांच्या' वर तुझं बोट बरोबर पडलं. हद्दू म्हणाला, पत्र वाचून तू एवढंच म्हणालीस, "त्या घरात खाणारी तोंडं दोन आहेत. तिसरं माझं आहे." लहानपणीही तू अशीच होतीस, लपवलेला गूळ वासाने शोधायचीस.

हो. इदिर माझ्याकडे आहे. त्यानेच शपथ घातली होती, आईला कळवू नकोस म्हणून. बर्फ पडत होतं, दारात येऊन उभा राहिला, पाठीवर पिशवी, आणि म्हणाला, "मावशी, चहा आहे का?" जसा काही कालच अंगणातून गेला होता. मी त्याला पाठमोरा बघितला. झायदच तो, अगदी मान तिरकी करून उभं राहायची सवयसुद्धा. तू कधी सांगितलं नाहीस मला, की तो असा होत चाललाय. सांगणार तरी कशी होतीस म्हणा.

पोरगं गुणाचं आहे. मोहाबरोबर पाहुण्यांना फिरवतं, फोनमध्ये बोलून सगळ्या जगाच्या भाषा काढतं. माझ्या हातची मसूर दोनदा मागून घेतं. पण दुपारी दिसेनासं होतं. कुठे जातं ते मला शोधावं लागलं नाही. बिळासमोर बसलेलं असतं. वहाणांपासून हातभर लांब. त्या निळ्या होत्या ना गं? आता उन्हाने हाडासारख्या पांढऱ्या झाल्यात. वाऱ्याने जाऊ नयेत म्हणून तू प्रत्येकीत एकेक दगड ठेवला होतास, ते अजून तसेच आहेत.

काल मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. त्या बिळातून वारा येतो, राभा. मला माहीत नव्हतं. एवढं छत बसलं तरी आतून गार वारा येतो, ओल्या मातीच्या वासाचा. तो म्हणाला, "वारा येतो म्हणजे वाट आहे, मावशी. गुहेला दुसरीकडून कुठूनतरी तोंड आहे. बाबा गुहेच्या बाजूला अडकला असेल. त्याला मातीत तरी नीट घालूया. आईला थडगं तरी होईल."

मी म्हटलं, "तू आत जाणार आहेस का? तोंडावर सांग."

तर तो माझ्याकडे बघून हसला. "वहाणा आहेत ना. भरलेल्या बिळात कसा जाऊ? मी खाणवाल्याचा पोर आहे, चोर नाही."

ऐकलंस? तुझं कुलूप चालतंय. मी ज्याला कुलूप म्हणून नावं ठेवली, तेच आज तुझ्या पोराला धरून आहे. तेव्हा मागच्या पत्रातलं माझं मागणं मी परत घेते. शब्द पाठवू नकोस, येऊ नकोस, कुणाला काही उचलू देऊ नकोस. मोहालाही मी सांगितलं, पुन्हा विषय काढलास तर चुलीत पाय घालीन तुझे. पाहुणे वटवाघळं बघतील आणि गप जातील.

थोडे दिवस राहू दे त्याला. बापाजवळ बसून कंटाळला की मीच टॅक्सीत घालून पाठवते.

इत्तो

२ एप्रिल

राभा,

हे पत्र नीट वाच, तिरकं वाचू नकोस.

वहाणा फिरल्यात.

काल सकाळी म्हाताऱ्या बास्सूने बघितलं. बकऱ्या घेऊन वर गेला होता. धावत खाली आला, त्या वयात धावत. आम्ही सगळे गेलो. झायदच्या वहाणा बिळाकडे पाठ करून ठेवलेल्या. तोंड बाहेर, दरीकडे. अगदी जोडीने, एकीला एक लावून, आत कुणीतरी वाकून घालणार आहे अशा. आणि दगड परत त्यांच्यात ठेवलेले. वाऱ्याने उलटल्या असत्या तर दगड कुठेतरी पडले असते. बकरीने ढकलल्या असत्या तर एक इकडे एक तिकडे झाली असती. हे माणसाच्या हाताचं काम आहे, किंवा कुणाच्या ते देव जाणे.

बास्सू म्हणाला, "मालक बाहेर पडला. तोंड बाहेर म्हणजे माणूस बाहेर. बीळ मोकळं झालं."

बायका रडायला लागल्या. कुणी घरून दूध आणून दगडावर ओतलं. मी इदिरकडे बघितलं. आधी चेहरा पांढरा पडला, आणि मग, राभा, तो हसला. इतके दिवस मी त्याला हसताना बघतेय, पण असा नाही. म्हणाला, "बाबाने वाट दिली."

मी घरी येऊन मोहाला धरलं. "तू केलंस. आदल्या दिवशी पाहुण्यांना घेऊन तूच वर गेला होतास. गुहा दाखवायची खाज तुलाच आहे." तो भाकरीवर हात ठेवून म्हणाला, "माझा हात लागला असेल तर हा हात झडू दे. पाहुणे फोटो काढत होते, मी खाली पाणी आणायला गेलो होतो." तो खोटं बोलला की त्याच्या कानाची पाळी लाल होते. काल झाली नाही. मग कोण?

मी मनात आणलं, आपणच जाऊन परत आत फिरवाव्यात. हात पुढे केला, पण बायको नाही, आई नाही, मी कोण? हात मागे आला. भित्री मी.

इदिरचे रबरी बूट मी पिठाच्या पेटीत तळाशी पुरलेत, वर पीठ, वर कुलूप. तो हसतो, म्हणतो, "मावशी, भाकरीला वास येईल." त्याने कबूल केलंय, आईचं उत्तर येईपर्यंत थांबतो. म्हणून सांगते, येच. वहाणा आत फिरव, नाहीतर त्याचा कान धरून ने. माझं तो ऐकत नाही, लाडाने नाही म्हणतो आणि ते नाही म्हणणं फार वाईट.

मोहावर रागव, माझ्यावर रागव. पण ये.

इत्तो

६ एप्रिल

हद्दूने तुझं उत्तर तोंडी आणलं. "मोहाला गुहा हवी होती, आता मेलेल्याकडून मागतोय. माझ्या पोराला पाठवून द्या, नाटकं पुरे."

राभा, हे नाटक नाही गं. माझं पहिलं पत्र तू जपून ठेवलंस आणि बाकीच्या पत्रांना त्याचाच वास येतोय तुला. मान्य, मीच तो वास लावला. पण बाई, एकदा तरी मोहाला विसरून माझं वाच. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही तुझा.

उत्तर इदिरसमोरच बोलला हद्दू, मूर्ख मेला. इदिर ऐकून शांतपणे उठला आणि म्हणाला, "म्हणजे उत्तर आलं."

इत्तो

९ एप्रिल

इदिर आत गेला. आवाज झालाय. हद्दूची टॅक्सी दारात उभी आहे, तिच्यात बस. काही घेऊ नकोस, तशीच बस.

११ एप्रिल

हद्दू परत आला, एकटा. म्हणाला, तू दार उघडलं नाहीस, दाराखालून चिठ्ठी सरकवली तर परत बाहेर आली.

तेव्हा हद्दू, हे तू वाच. दाराबाहेर उभा राहा आणि मोठ्याने वाच. शेजारच्या बायका जमल्या तरी थांबू नकोस. माझ्या बहिणीला ऐकू येईल एवढा आवाज काढ.

राभा, परवा दुपारी पाहुणे आले होते. जपानहून आलेले नवराबायको, साठीचे, दगड गोळा करायचा नाद असलेले. आठवड्यापूर्वीही मोहाबरोबर वर जाऊन आले होते, जायच्या आधी मोहाचा निरोप घ्यायला परत आले. मी चहा टाकला. सगळे दारात वहाणा काढून चटईवर बसले. बाई मागे राहिली. मी पुदिना घेऊन आले तर ती उंबऱ्याशी वाकलेली. आमच्या सगळ्यांच्या वहाणा तिने फिरवून ठेवल्या होत्या. मोहाच्या फाटक्या, माझ्या लाकडी, तिच्या नवऱ्याचे बूट. सगळ्या जोडीजोडीने, तोंड बाहेर, अंगणाकडे.

माझ्या हातातला पुदिना खाली पडला.

मी खुणेने विचारलं, हे काय? ती हसली, थोडी लाजली. तिच्या नवऱ्याने फोनमध्ये काहीतरी बोलून मला ऐकवलं. फोन म्हणाला, "आमच्याकडे अशी रीत आहे. बाहेर पडणाऱ्याला घालायला सोपं जावं म्हणून."

मी डोंगराकडे बोट केलं. दोन बोटांनी वहाणा दाखवल्या. मुठीने दगड दाखवले. तिने मान डोलावली. चांगलं काम केलेल्या पोरीसारखी, राभा. दगड आधी काढले, वहाणा फिरवल्या, दगड पुन्हा जागच्या जागी ठेवले. आत कुणीतरी काम करतंय, दमून येईल, असं वाटलं तिला.

झायद बाहेर आला नव्हता. कुणी वाट दिली नव्हती. एका भल्या बाईने त्याच्या पायांची काळजी केली, एवढंच.

मी ओरडले, "इदिर!" तो चहाला बसला नव्हता. मला वाटलं होतं, लाकडं फोडतोय. मी मागच्या खोलीत धावले. पेटीचं कुलूप काढून नीट बाजूला ठेवलेलं, झाकण उघडं. आणि अंगणभर पिठाची पावलं. पांढरी पावलं, राभा, आपल्या दारातून निघून वरच्या वाटेला लागलेली. मी त्यांच्यामागे धावत गेले. पुढे पुढे पीठ कमी होत गेलं, मग दिसेनासं झालं, पण वाट तर मला ठाऊकच होती.

मी पोचायच्या आधीच आवाज झाला. मोठा नाही. पोतं खाली ठेवल्यासारखा. बिळाच्या तोंडातून धूळ बाहेर आली, आणि तो गार वारा बंद झाला.

तोंडाशी दोन जोड होते. त्याने बापाच्या वहाणांना हात लावला नव्हता, त्या तशाच बाहेर तोंड करून होत्या. त्यांच्या बाजूला त्याच्या स्वतःच्या. तोंड आत. रीतीप्रमाणे.

मग गाव आलं. मोहा सगळ्यात आधी आत घुसला, त्याला पायाला धरून बाहेर ओढावं लागलं. त्याला मी कधी रडताना बघितलं नव्हतं. मिदेल्तहून मदतीची माणसं आली, यंत्र आलं, यंत्र चढणीवर चढेना. पुरुषांनी आळीपाळीने हातांनी उकरलं. ती जपानी बाई दगड वाहत होती रांगेत उभी राहून, खाली जायला तयार नाही. तिला अजून माहीत नाही. मी तिला सांगितलं नाही, कुणाला सांगू दिलं नाही. तिने घरी जाऊन झोपावं, आणखी एक माणूस कशाला मारू?

काल दिवसभर आतून ठोके येत होते. ऐक, ठोके येत होते. दगडावर दगड. बास्सू कान लावून बसला होता, प्रत्येक ठोक्याला हात वर करायचा आणि सगळे गप्प व्हायचे. तेव्हा मी एक काम केलं. बायको नाही, आई नाही, तरी केलं. इदिरच्या वहाणा मी फिरवल्या. तोंड बाहेर. बाहेर येणाऱ्याला घालायला सोपं जावं म्हणून. रात्रभर मी त्यांच्याजवळ बसले आणि वहाणांना सांगत राहिले, चला, चला.

आज सकाळपासून ठोका नाही. उकरलं की वरून तेवढंच खाली येतं, कणगीतल्या धान्यासारखं. दुपारी बास्सू बाहेर आला, डोक्याची पगडी काढून हातात घेतली आणि खाली बसला. मिदेल्तहून आलेला साहेब म्हणाला, आता आणखी कुणाला आत पाठवणार नाही. मोहा त्याच्या अंगावर धावून गेला. मग तोही बसला.

तू म्हणाली होतीस, नाटकं पुरे. पुरे झाली गं.

संध्याकाळी सगळे खाली उतरले. मी दोन्ही जोड परत फिरवले. आधी झायदच्या, मग पोराच्या. तोंड आत. प्रत्येकीत दगड ठेवला, वारा सुटलाय.

त्या उचलायच्या बायकोने, नाहीतर आईने. आता दोन्हीही तूच आहेस. हद्दू, दार वाजव. राभा, दार उघड.